पांढऱ्यावर काळे : दोन ओळींमधल्या जागेचा इतिहास

लिहिण्याच्या उद्योगाला मराठीत 'पांढऱ्यावर काळे करणे' असे म्हणतात. बोलण्यात थोडी थट्टा असते, पण वर्णन अचूक आहे. कच्च्या लेखनासाठी मराठीने जो शब्द आपलासा केला, तो 'मसुदा', तोही काळ्या रंगातूनच आलेला आहे. अरबीत 'सवाद' म्हणजे काळेपणा. त्यावरून 'मुसव्वदा', म्हणजे काळा केलेला कागद. याच्या उलट, दुरुस्त्या उतरवून घेऊन तयार केलेल्या स्वच्छ प्रतीला अरबीत 'मुबय्यदा' म्हणतात आणि उर्दूत 'मुबय्यज़ा'. त्याचा अर्थ पांढरी केलेली प्रत. दोन्ही प्रतींत मजकूर तोच असतो, शाईही तीच असते. मग एक काळी आणि दुसरी पांढरी का? पहिल्या प्रतीत ओळींच्या मधली जागा खाडाखोडीने आणि भरतीच्या शब्दांनी भरून जाते. दुसऱ्या प्रतीत ती जागा पुन्हा मोकळी दिसते. म्हणजे कच्चे काय आणि पक्के काय हे जुन्या कातिबांनी दोन ओळींमधल्या जागेवरून ठरवले होते.

आपण लिहिणारी माणसे या जागेचा फारसा विचार करत नाही. 'कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे' ही सूचना आपण वार्षिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांवर कितीदा तरी वाचलेली आहे. टंकलिखित मजकूर असेल तर 'दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवावे' अशीही सूचना असे. ही शिस्त कुठून आली, ती कोणाच्या सोयीसाठी होती आणि त्या मोकळ्या जागेवर हक्क कोणाचा, हे प्रश्न आम्हाला महत्त्वाचे वाटतात. कारण आपल्यापैकी कित्येक घरांत, दर्ग्यांत आणि मशिदींच्या पेट्यांत अजूनही जुने कागद आहेत. त्या कागदांवर ओळींच्या मधे काय आहे, यावर कधी कधी अख्ख्या जमिनीचा किंवा मानाचा निवाडा अवलंबून असतो.

मिस्तर आणि रेखापाटी

हाताने लिहायच्या काळात ओळींचे अंतर डोळ्यांच्या अंदाजावर सोडलेले नव्हते. इस्लामी जगतात त्यासाठी एक साधे साधन होते. त्याला अरबीत 'मिस्तरा' आणि फारसी-उर्दूत 'मिस्तर' म्हणतात. 'सतर' म्हणजे ओळ, आणि ओळ पाडणारा तो मिस्तर. जाड पुठ्ठा घ्यायचा, त्याला दोन्ही कडांशी समान अंतरावर भोके पाडायची आणि त्यांतून आडवे दोरे ताणून शिवायचे. कोरा कागद या पुठ्ठ्यावर ठेवून अंगठ्याने दाबत नेला की प्रत्येक दोऱ्याची एक हलकी उठावाची रेघ कागदावर उमटते. शाई नाही, शिसपेन नाही. मजकूर लिहून झाल्यावर ती रेघ दिसतही नाही. आजही जुन्या हस्तलिखिताचे पान तिरप्या उजेडात धरले तर मिस्तराच्या खुणा सापडतात.

हीच युक्ती आपल्याकडच्या पोथ्या लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होती. लाकडी फळीवर किंवा पुठ्ठ्यावर दोरे बसवलेल्या त्यांच्या साधनाला 'रेखापाटी' असे नाव होते. कुराण शरीफ लिहिणारा कातिब आणि पुराणाची पोथी उतरवणारा लेखक हे धर्माने, लिपीने आणि लिहिण्याच्या दिशेने एकमेकांपासून दूर होते. पण कामाला बसताना दोघांच्याही कागदाखाली दोऱ्यांची पाटीच असे.

मिस्तर एकदा बांधला की पुस्तकाचे गणित पक्के होई. एका पानावर तेरा ओळी की पंधरा, हे लेखनाच्या आधीच ठरलेले असे. आपल्याकडे कुराण शरीफच्या प्रती आजही 'तेरा सतरी', 'पंधरा सतरी' आणि 'सोळा सतरी' अशा ओळखल्या जातात, हे त्याच परंपरेचे मागे राहिलेले चिन्ह आहे. ज्या हाफिजाने पंधरा ओळींच्या प्रतीवर पाठांतर केले, त्याला आयत पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हेही आठवते. दुसऱ्या छपाईची प्रत हाती दिली की तो अडखळतो. ओळींची मांडणी इतकी खोलवर स्मरणात उतरते.

मजुरीचा प्रश्नही यातच गुंतलेला होता. लिहिणाऱ्याला पानांवर पैसे दिले, तर ओळी विरळ करून पाने वाढवायचा मोह होणारच. त्यावर प्रत्येक समाजाने आपापला उपाय काढला. संस्कृत पोथ्यांत बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून ग्रंथाची लांबी मोजत आणि तो आकडा शेवटी लिहून ठेवत. इंग्लंडच्या न्यायालयांत कागदाची मोजणी पानांवर होत नसे. बहात्तर शब्दांचा एक 'फोलिओ' असा हिशेब असे आणि चॅन्सरी न्यायालयात तो नव्वद शब्दांचा होता. मोकळी जागा फुकट नसते, हे सगळ्यांनाच कळलेले होते.

हुकमाची मोकळी जागा

कागद महाग होता, म्हणून जुने लोक दाटीवाटीने लिहीत असतील, असे आपल्याला वाटते. सामान्य माणसाच्या पत्रांपुरते ते खरेही आहे. पण राज्यकर्त्यांचे कागद याच्या नेमके उलट असत.

इजिप्तमध्ये इ. स. ९६९ ते ११७१ या काळात फातिमी खलिफांची सत्ता होती. त्यांच्या दरबारातून निघालेल्या हुकमांत एका ओळीखाली काही बोटे जागा सोडून दुसरी ओळ येते. अक्षर ठसठशीत, मजकूर थोडा आणि कागदाची गुंडाळी लांबच लांब. ज्याच्या हाती असा हुकूम पडे, त्याला वाचता येत नसले तरी हा कागद कोणाकडून आला हे लगेच समजे. एवढा कागद कोरा सोडणे फक्त सत्तेलाच परवडत होते. कोरेपणा हीच तिथे शान होती.

पुढे ममलूक सुलतानांच्या काळात तर याचे शास्त्रच झाले. कैरोच्या दरबारातला चिटणीस अल-क़लक़शंदी याचा मृत्यू इ. स. १४१८ मध्ये झाला. 'सुब्हुल आशा' या त्याच्या प्रचंड ग्रंथात सरकारी लेखनाचे बारीकसारीक नियम आहेत. पत्र कोणाला जायचे आहे यावर कागदाचा आकार ठरे. त्या आकारावरून वर किती जागा कोरी सोडायची आणि ओळींत किती अंतर ठेवायचे हे ठरे. सुलतानाच्या सहीसाठी बिस्मिल्लाखाली खास मोकळी जागा राखलेली असे. ओळींच्या अंतरावरून माणसाचा दर्जा मोजता येत होता.

पण या कहाणीचा पुढचा भाग आम्हाला अधिक बोलका वाटतो. सत्ता बदलली, हुकूम निकामी झाले आणि ते कागद रद्दीत गेले. कैरोच्या फुस्तात भागातल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये ज्यू समाजाने शतकानुशतके जुने कागद एका कोठीत साठवून ठेवले होते. १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर यांनी त्यांतला मोठा साठा केंब्रिजला नेला. त्या साठ्यात फातिमी हुकमांचे तुकडे निघाले. त्यांच्या रुंद मोकळ्या पट्ट्यांत आणि पाठीवर ज्यू लेखकांनी हिब्रू लिपीत आपला मजकूर लिहिलेला होता. मरीना रस्टो या इतिहासकार बाईंनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या तुकड्यांवरून फातिमी दफ्तराचा इतिहास उभा केला आहे. खलिफाचे दफ्तर त्याच्या वाड्यात टिकले नाही. त्याच्या ओळींमधली जागा दुसऱ्या धर्माच्या एका लेखकाच्या उपयोगी पडली, म्हणून ते टिकले.

असाच प्रकार अल-मक़रीझी या थोर इतिहासकाराच्या बाबतीत घडला. त्याचा काळ इ. स. १३६४ ते १४४२. त्याची एक टिपणवही बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात आहे. फ्रेडरिक बोदाँ या अभ्यासकाने ती उजेडात आणली. मक़रीझीने आपल्या टिपणांसाठी ममलूक दफ्तरातले जुने, टाकून दिलेले सरकारी कागद वापरले होते. चिटणिसांनी शान म्हणून सोडलेली जागा इतिहासकाराने टिपणांनी भरली. एकाने कोरी सोडलेली जागा दुसऱ्याच्या हाताला मिळाली, हे या साऱ्या इतिहासाचे सूत्र आहे.

बैनुस्सुतूर

दुसऱ्या हाताला जागा मिळण्याची वाट कधी अपघाताची होती, तर कधी ती मुद्दाम केलेली होती. उर्दूत 'बैनुस्सुतूर' हा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ 'ओळींच्या मधले'. आज तो 'न बोलता सुचवलेले' या अर्थाने वापरला जातो. पण मुळात ती हस्तलिखितातली प्रत्यक्ष जागा होती.

दहाव्या शतकात खुरासान-बुखाऱ्यात सामानी राज्य होते. त्यांचा अमीर मन्सूर इब्न नूह याच्या कारकिर्दीत, इ. स. ९६१ ते ९७६ या काळात, अरबी न जाणणाऱ्यांसाठी कुराणाचा अर्थ फारसीत आणण्याचे मोठे काम झाले. मूळ वचन बाजूला सारून त्याच्या जागी भाषांतर ठेवणे उलेमांना मान्य नव्हते. तेव्हा मार्ग निघाला तो ओळींच्या मधून. अरबी ओळ मोठ्या अक्षरात, आणि तिच्याखाली प्रत्येक शब्दाला लागून बारीक अक्षरात फारसी अर्थ, बऱ्याचदा लाल शाईत. मूळ मजकूर अढळ राहिला आणि वाचणाऱ्याला अर्थही मिळाला. एक मोठा धार्मिक पेच दोन बोटांच्या मोकळ्या जागेने सोडवला.

हिंदुस्थानात हीच रीत चालली. दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात कुराणाचे फारसी भाषांतर केले. त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन यांनी शब्दाखाली शब्द ठेवून आणि शाह अब्दुल क़ादिर यांनी बोलीच्या वळणाने उर्दू भाषांतरे केली. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आला तेव्हा ही मांडणी छापता येऊ लागली. खिळ्यांच्या छपाईत दोन लिपीवळणे एकाखाली एक बसवणे जिकिरीचे होते. शिळेवर मात्र कातिब हाताने लिहील तसेच्या तसे उमटे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने रेहलीवर ठेवून वाचलेली कुराणाची प्रत डोळ्यांसमोर आणा. वर अरबी, खाली बारीक नस्तालीकात उर्दू, बाजूला हाशियात टीप. ती मांडणी हजार वर्षे जुनी आहे.

शिकण्याच्या पुस्तकांत ही जागा विद्यार्थ्याची असे. इंडोनेशियातल्या जावा बेटावर मदरशांत वापरायच्या अरबी किताबांत ओळी मुद्दाम विरळ ठेवत. उस्ताद शब्दाशब्दाचा अर्थ सांगे आणि विद्यार्थी तो जावानी भाषेत अरबी ओळीखाली तिरपा लोंबता लिहून घेई. पश्चिम आफ्रिकेतल्या बोर्नू राज्यातल्या जुन्या कुराण प्रतींतही स्थानिक भाषेतले अर्थ असेच ओळींच्या मधे लिहिलेले सापडतात. आपल्याकडच्या पोथ्यांत याला भाऊ शोभावी अशी 'त्रिपाठी' मांडणी आहे. मधे मोठ्या अक्षरात मूळ, वर आणि खाली बारीक अक्षरात टीका. ग्रंथ लिहिणारा माणूस पुढे येणाऱ्या वाचकाची जागा आधीच राखून ठेवत होता.

दख्खनचे कागद

आता आपल्या मुलखाकडे येऊ. दख्खनच्या सुलतानांचा कारभार फारसी आणि मराठी अशा दोन भाषांत चाले. पहिल्या इब्राहीम आदिलशाहने, इ. स. १५३४ ते १५५८ या आपल्या कारकिर्दीत, हिशेबाचे दफ्तर फारसीतून हिंदवीत आणले, अशी नोंद फेरिश्त्याने केली आहे. ही हिंदवी म्हणजे इथे मराठी, असा अर्थ इतिहासकार करतात. त्या काळातली द्विभाषिक फर्माने आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. कागदाच्या माथ्यावर शिक्का, मग उजवीकडून डावीकडे धावणारा फारसी मजकूर आणि त्याच कागदावर डावीकडून उजवीकडे जाणारा मोडी मराठी मजकूर. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी 'ऐतिहासिक फार्सी साहित्य' या मालेतून फारसी कागद मराठी वाचकांसमोर आणले, हे आपल्यावरचे मोठे ऋण आहे.

फारसी लेखनात आदराची एक वेगळी रीत होती. अल्लाहचे किंवा बादशहाचे नाव ओळीत आले की ते ओळीतून उचलून वर मोकळ्या जागेत लिहीत आणि ओळीत त्याची जागा कोरी सोडत. अनभिज्ञ वाचकाला वाटते, इथे शब्द गळला. खरे म्हणजे तो कोरेपणाच शब्द असतो.

मोडीची रीत आणखी निराळी. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढी आणि मग तिला लोंबती अक्षरे लिहीत जाई. शब्दांच्या मधे जागा नाही, विरामचिन्ह नाही, लेखणी शक्य तितकी कमी उचलायची. त्यामुळे मोडीत आडवी मोकळीक नसते. जी काही मोकळीक असते ती दोन रेघांच्या मधली. तीही नंतर कोणी बळकावू नये म्हणून मजकूर संपतो तिथे 'मोर्तब' उठवत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी असणाऱ्या लहान मुद्रेचा अर्थच मुळी 'इथे मर्यादा झाली' असा आहे. उत्तरकालीन मोर्तबांवर 'लेखनसीमा' हा शब्द येतो. माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. यांच्या मधे जे लिहिले तेवढेच खरे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, पण मोकळ्या जागेला घातलेले ते कुलूप होते, हे विसरतो. आजही धनादेशावर रकमेपुढे 'फक्त' लिहून रेघ ओढली जाते, ती याच सावधगिरीची धाकटी बहीण.

टंकयंत्राचे दाते

१८७४ मध्ये अमेरिकेत शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकयंत्र रेमिंग्टनच्या कारखान्यातून विक्रीला आले, आणि मिस्तराच्या दोऱ्यांची जागा पुढे लोखंडी दात्यांनी घेतली. टंकयंत्राच्या रुळाला एका बाजूस दातेरी चाक असते. ओळ संपली की हात्याने गाडा परत लोटायचा. त्यासरशी रूळ ठरलेले दाते फिरतो आणि कागद वर सरकतो. एकेरी, दीडपट, दुहेरी असे अंतर लहान खटक्याने निवडायचे. एकेरी अंतरात एका इंचात सहा ओळी बसतात. एका ओळीला इंचाचा सहावा भाग, म्हणजे छापखान्याच्या मापात बारा पॉइंट. हे माप रोमन लिपीच्या छपाईतून यंत्रात आले.

मग रीती ठरत गेल्या. पाठवायचे पत्र एकेरी अंतरात, दोन परिच्छेदांच्या मधे एक ओळ मोकळी. पत्र फारच लहान असेल तर दुहेरी, म्हणजे कागद उघडाबोडका दिसत नाही. पण मसुदा मात्र नेहमी दुहेरी. सरकारी कचेरीत कारकून मसुदा दुहेरी अंतरात टंकून वर पाठवी. साहेब त्या मोकळ्या ओळींत आपल्या हाताने शब्द बदली. मग एकेरी अंतरात शुद्ध प्रत निघे. हा तर मुसव्वदा आणि मुबय्यज़ा यांचाच नवा अवतार झाला.

छापखान्याकडे जाणारे हस्तलिखितही दुहेरी असावे लागे, त्याचे कारण जुळाऱ्याच्या कामात होते. त्याचा एक हात खिळ्यांच्या खणात, दुसऱ्या हातात जुळणीची पट्टी आणि नजर समोरच्या कागदावर. दाट ओळींत नजर घसरली की एक ओळ गळते किंवा दोनदा जुळते. संपादकाच्या दुरुस्त्या शब्दाच्या डोक्यावरच लिहिलेल्या असल्या तर त्याला समासात शोधाव्या लागत नाहीत. एकाच बाजूला लिहायचे, कारण कागद वाटून एकाच वेळी दोन-तीन जुळाऱ्यांना देता येत. जुळारी स्वतःही खिळ्यांच्या दोन ओळींत शिशाची पातळ पट्टी घालून अंतर राखत असे. दुहेरी अंतरात टंकलेल्या इंग्रजी पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात, हा हिशेब संपादकांना मजकुराची लांबी मोजायला कामी येई.

हे सारे रोमन लिपीसाठी ठीक होते. देवनागरीत मात्र अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर पायाशी उकार. एकेरी अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आपटतो. एक तर अक्षर लहान करायचे, नाही तर अंतर वाढवायचे. नस्तालीकची अडचण त्याहून मोठी. त्यात शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. एका शब्दालाच उंची लागते. म्हणून उर्दू टंकयंत्रे नस्ख वळणाची निघाली आणि उर्दू वर्तमानपत्रे मात्र कातिबांच्या हातावर चालत राहिली. १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकाने 'नूरी नस्तालीक' वापरले, तेव्हा कुठे यंत्राला कातिबाची उतरण जमली.

भारतात गोदरेज आणि बॉइसने १९५५ मध्ये पहिले स्वदेशी टंकयंत्र तयार केले आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवले. तालुक्याच्या न्यायालयाबाहेर झाडाखाली बसून अर्ज टंकून देणारे टंकलेखक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना मुसव्वदा शब्द ठाऊक नसेल, पण 'साहेब, कच्चे डबल स्पेसमध्ये काढतो' हे ते न विचारता सांगत.

नक्कल आणि असल

इथवर हा इतिहास झाला. आता ज्या कारणाने आम्हाला तो लिहावासा वाटला त्याकडे वळतो.

१८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या इनामदारांना आपल्या सनदा पुढे कराव्या लागल्या. तेव्हापासून आजपर्यंत काझी, मुजावर, खतीब, देशमुख, पाटील अशा कितीतरी घराण्यांचे कागद कचेऱ्यांच्या वाऱ्या करत आले. कचेरीत असल कागद कोणी वाचत नाही. वाचली जाते ती नक्कल. कोणी जाणकार फारसी किंवा मोडी वाचून लिप्यंतर करतो, आणि टंकलेखक ते स्वच्छ, एकसारख्या अंतरात टंकून देतो.

इथेच घात होतो. असल कागदावर मूळ मजकूर एका हाताचा असतो. ओळींच्या मधे बारीक अक्षरात दुसऱ्या हाताने काही लिहिलेले असते. समासात तिसऱ्याने शेरा मारलेला असतो. पाठीवर दफ्तरात नोंद झाल्याची खूण असते. आदरासाठी कोरी सोडलेली जागा असते. टंकलेल्या नकलेत हे सगळे एका रांगेत, एका शाईत, एका अंतरात येते. भरतीचा शब्द मूळ मजकुरात मिसळतो आणि कोरी जागा बुजून जाते. मूळ हुकमात काय दिले होते आणि नंतर काय घातले गेले, हा भेदच उरत नाही. यात कधी खऱ्या हक्कदाराचे नुकसान होते, तर कधी लबाडाचे फावते. टंकलेखकाचा दोष नसतो. त्याला स्वच्छ प्रत मागितलेली असते आणि तो ती देतो.

कायद्याला मात्र ही जागा चांगली ओळखू येते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे विसावे कलम पाहा. दस्तात ओळींच्या मधे घातलेला मजकूर, कोरी जागा, खाडाखोड किंवा फेरफार असेल, तर दस्त करून देणाऱ्याने तिथे सही किंवा आद्याक्षरे केल्याशिवाय तो नोंदवण्यास अधिकारी नकार देऊ शकतो. नोंदवलाच, तर त्या खाडाखोडीची नोंद त्याने ठेवायची. 'बैनुस्सुतूर' या एका शब्दाची दखल घेणारे हे कलम आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

रीती आता पुन्हा बदलत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०२० च्या परिपत्रकाने ए-फोर आकाराचा कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, चौदा आकाराचे अक्षर आणि दीडपट अंतर ठरवून दिले. कागद वाचावा हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. संगणकावर तर अंतर ठरवावेही लागत नाही. ते आधीच ठरलेले असते. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २००७ च्या आवृत्तीत एकेरी अंतराऐवजी सव्वाच्याही आतले, १.१५ पट अंतर आपोआप येऊ लागले आणि जगभरची पत्रे विरळ झाली. कोणी विचारले नाही की हे कोणत्या लिपीसाठी आहे. मराठी ओळीत एखादा उर्दू शब्द नस्तालीकमध्ये घातला की ती एकच ओळ फुगते. सगळ्या ओळी सक्तीने सारख्या केल्या की मात्रा छाटल्या जातात. रोमनचे दाते अजून पुरते झिजलेले नाहीत. संपादकही आता दुरुस्त्या पडद्यावर करतात. मूळ शब्द आणि बदललेला शब्द एका कळीसरशी एक होतात. मसुदा काळा होतच नाही.

आम्ही जुन्या रीतीसाठी उसासे टाकत नाही. पडद्यावर लिहिणे सोयीचे आहे, आणि जुळाऱ्याचे डोळे आता त्यात खर्ची पडत नाहीत, हे चांगलेच झाले. पण ज्यांच्या घरी जुने कागद आहेत, त्यांना एवढे सांगावेसे वाटते. कागद नकलायला देण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवा. लिप्यंतर करणाऱ्याला असलेची ओळ जिथे संपते तिथेच ओळ संपवायला सांगा आणि ओळींना क्रमांक घाला. मधे घातलेला शब्द, समासातला शेरा आणि पाठीवरची नोंद वेगवेगळी लिहवून घ्या, आणि हात वेगळा असेल तर तसे नमूद करवा. जिथे जागा कोरी आहे तिथे 'येथे जागा कोरी' असे लिहायला लावा. नकलेच्या ओळी दुप्पट अंतरावर घ्या. उद्या आपल्याहून चांगले फारसी आणि मोडी जाणणारा कोणी येईल. आपण चुकीचा वाचलेला शब्द त्याला त्याच्या डोक्यावरच दुरुस्त करता आला पाहिजे, आणि त्यासाठी त्याला जागा लागेल.